प्राचीन पाश्चात्त्य संगीतातील सोप्रानो: तीन कारकिर्दी आणि एक अवघड वाट

फ्रीमाँट शहराच्या आग्नेय भागात, टेकड्यांच्या पायथ्याशी, मिशन सान होजे ही वास्तू उभी आहे. स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी ११ जून १७९७ रोजी तिची स्थापना केली. कॅलिफोर्नियातील एकवीस मिशनांपैकी हे चौदावे. आज त्याच परिसरातील शाळांच्या लौकिकामुळे अनेक भारतीय कुटुंबे तेथे घर घेण्यासाठी धडपडतात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या जागेचा लौकिक निराळ्याच कारणासाठी होता. येथील ओलोनी आणि योकुट्स आदिवासींचा गायकवृंद आणि सुमारे ३० वादकांचा वाद्यवृंद दूरवर प्रसिद्ध होता. १८०६ ते १८३३ या काळात येथे असलेल्या फादर नार्सिसो दुरान यांनी तो घडवला. नवशिक्यांना सोपे जावे म्हणून वेगवेगळ्या आवाजांच्या ओळी त्यांनी एकाच स्वरपट्टीवर निरनिराळ्या रंगांत लिहिल्या. १८१३ सालच्या प्रस्तावनेसह त्यांचे गायनाचे हस्तलिखित आज बर्कली येथील बँक्रॉफ्ट ग्रंथालयात जपलेले आहे.

त्या वृंदातील सर्वांत उंच पट्टीची ओळ मुलगे गात. चर्चच्या वृंदात स्त्रियांना स्थान नव्हते. शिवाय हे गायन मुक्त वातावरणातले नव्हते. एकदा बाप्तिस्मा घेतलेल्या आदिवासींना मिशन सोडून जाण्याची मुभा नसे, आणि १८२८-२९ मध्ये याच मिशनमधून बाहेर पडलेल्या एस्तानिस्लाव या योकुट्स पुढाऱ्याने मोठा उठाव केला. आजच्या स्टॅनिस्लॉस परगण्याला त्याचेच नाव आहे. युरोपचे जुने संगीत फ्रीमाँटच्या भूमीवर प्रथम उमटले ते अशा परिस्थितीत.

त्याच जुन्या संगीताला वाहिलेला एक स्वतंत्र व्यवसाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा राहिला आणि त्यात स्त्रियांच्या सोप्रानो आवाजाला मध्यवर्ती स्थान मिळाले. हा व्यवसाय नेमका काय, त्यात आवाज कसा लागतो, कारकीर्द कशी घडते आणि त्यावर उदरनिर्वाह होतो का, याचा हा परिचय. बे एरियातील अनेक मराठी घरांत मुली शाळेच्या वृंदात गातात, काहींचे शिक्षक ‘हिचा आवाज बरोकसाठी योग्य आहे’ असे सुचवतात, आणि मग पालकांपुढे याच प्रश्नांची मालिका उभी राहते.

संज्ञा आणि व्याप्ती

‘अर्ली म्युझिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवाहात सर्वसाधारणपणे मध्ययुग, प्रबोधनकाळ आणि बरोक अशा तीन कालखंडांतील संगीत येते. बाराव्या शतकातील हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन हिच्या स्तोत्रांपासून मॉन्तेव्हेर्दी, पर्सेल, बाख आणि हँडेल यांच्यापर्यंतचा हा पट्टा आहे. हायडन आणि मोत्सार्ट यांच्या रचनाही आता याच दृष्टीने सादर होतात. मात्र केवळ जुन्या रचना गाणे म्हणजे अर्ली म्युझिक नव्हे. ती रचना ज्या काळात जन्मली त्या काळची वाद्ये, स्वरांची जुळणी, उच्चार आणि अलंकरण यांचा अभ्यास करून ती मांडणे, हा या प्रवाहाचा गाभा आहे.

सोप्रानो म्हणजे सर्वांत उंच पट्टीचा आवाज. आज हा शब्द स्त्रीच्या आवाजासाठी सहज वापरला जात असला, तरी इतिहासात तसे नव्हते. कॅथलिक चर्चमध्ये उंच स्वर मुलगे आणि खच्चीकरण केलेले पुरुष गायक, म्हणजे कास्त्राती, गात. रंगभूमीवरही फारिनेल्लीसारख्या कास्त्रातींचे राज्य होते. ज्यांनी बालगंधर्वांची परंपरा ऐकली-वाचली आहे, त्यांना गायक आणि भूमिका यांच्या लिंगाची ही अदलाबदल परकी वाटणार नाही. तरीही स्त्री गायिकांची परंपरा समांतर चालतच होती. १५८० च्या दशकात फेरारा येथील दरबारात नामवंत गायिकांचा एक समूह होता. फ्लॉरेन्सच्या फ्रान्चेस्का काच्चिनी यांनी १६२५ मध्ये स्वतःचा ऑपेरा सादर केला. व्हेनिसच्या बार्बरा स्त्रोत्सी स्वतः गात आणि स्वतःच्या रचना प्रसिद्ध करीत. १७२४ मध्ये लंडनला हँडेलच्या ‘ज्युलिओ चेझारे’ या ऑपेरातील क्लिओपात्रा गायली ती फ्रान्चेस्का कुत्सोनी हिने.

आवाजाचे वेगळेपण

एकोणिसाव्या शतकात ऑपेरागृहे मोठी झाली, वाद्यवृंद फुगले आणि त्यांवर मात करण्यासाठी गायकांना जाड, भरदार, सतत कंप पावणारा आवाज घडवावा लागला. आज संगीत महाविद्यालयांतून शिकवले जाणारे बहुतेक तंत्र याच गरजेतून आलेले आहे. प्राचीन संगीताची गायिका या तंत्राचा बराचसा भाग बाजूला ठेवते. तिच्यासोबत हार्प्सिकॉर्ड, थिओर्बो, आतड्याच्या तारांची व्हायोलिने अशी हलक्या नादाची वाद्ये असतात. त्यामुळे आवाजाच्या आकारमानापेक्षा त्याची स्वच्छता, लवचिकता आणि शब्दांची स्पष्टता मोलाची ठरते. व्हिब्राटो, म्हणजे स्वरावरील कंप, ही येथे कायमची अवस्था नसून आपल्याकडील आंदोलनासारखा जाणीवपूर्वक वापरायचा अलंकार मानला जातो.

स्वरांची पट्टीही निराळी असते. आधुनिक वाद्यवृंद मध्य सप्तकातील ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झला लावतात. बरोक वृंद तो सामान्यतः ४१५ ला, म्हणजे साधारण अर्ध्या स्वराने खाली लावतात. फ्रेंच ऑपेरासाठी तो ३९२ पर्यंत उतरतो, तर उत्तर इटलीतील जुन्या संगीतासाठी ४६६ पर्यंत चढतो. एकच गायिका एका महिन्यात तीन निरनिराळ्या पट्ट्यांत गाते. त्यातच स्वरांची परस्पर जुळणीही बदलते. सम विभागणीच्या पियानोतील गंधार शुद्ध गंधारापेक्षा किंचित चढा असतो. प्रबोधनकाळातील जुळणीत तो पाच-चार या नैसर्गिक गुणोत्तराशी मिळता ठेवला जाई. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला दूर ठेवले त्यामागे जे आक्षेप होते, त्यांतला एक नेमका हाच होता. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या मुलीला या बाबतीत खरोखरच एक पाऊल पुढची सुरुवात मिळते.

अलंकरणाचे तत्त्वही मराठी श्रोत्याला ओळखीचे वाटेल. बरोक ऑपेरातील ‘दा कापो’ गीताचे तीन भाग असतात. पहिला, दुसरा आणि पुन्हा पहिला. पहिला भाग परत येतो तेव्हा गायिकेने तो जसाच्या तसा गाऊ नये, त्यात स्वतःची हरकत, तान आणि विराम घालावेत अशी अपेक्षा असते. साथीदारापुढेही पूर्ण लिहिलेले संगीत नसते. खर्जाची ओळ आणि तीवरचे आकडे पाहून तो त्या क्षणी साथ रचतो. बंदिश ठरलेली, विस्तार कलावंताचा, ही रीत आपल्याला नवी नाही.

एक मूलभूत फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. आपल्याकडे जुने संगीत गुरुमुखातून अखंड चालत आले. युरोपात ही साखळी तुटली होती. मॉन्तेव्हेर्दी कसा गायला जात होता हे सांगणारा एकही गुरू उरला नव्हता. उरली होती हस्तलिखिते, संगीतशिक्षणाची जुनी पुस्तके आणि संग्रहालयांतली वाद्ये. आर्नोल्ड डोल्मेच यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती वाद्ये पुन्हा बनवायला आणि वाजवायला आरंभ केला. १९३३ मध्ये बाझेल येथे स्कोला कान्तोरम ही संस्था याच अभ्यासासाठी निघाली. आल्फ्रेड डेलर यांनी उंच पट्टीचा पुरुषी आवाज पुन्हा मैफलीत आणला. १९६७ मध्ये डेव्हिड मन्रो यांचा वृंद आणि १९७३ मध्ये ख्रिस्तोफर हॉगवूड यांची अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक सुरू झाली. वाद्ये मिळाली, वादक तयार झाले. आता त्यांच्याशी जुळणारे आवाज हवे होते. पुढील तीन गायिकांच्या कारकिर्दी या गरजेच्या पार्श्वभूमीवर पाहाव्या लागतात.

एमा कर्कबी: वर्गातून मंचावर

इंग्लंडमध्ये २६ फेब्रुवारी १९४९ रोजी जन्मलेल्या एमा कर्कबी यांनी ऑक्सफर्डमध्ये लॅटिन आणि ग्रीक या अभिजात भाषांचा अभ्यास केला आणि त्या शाळेत शिक्षिका झाल्या. संगीत महाविद्यालयातील प्रशिक्षण त्यांनी घेतले नव्हते आणि व्यावसायिक गायिका होण्याचा त्यांचा बेतही नव्हता. १९७० च्या दशकाच्या आरंभी अँड्र्यू पॅरट यांचा टॅव्हर्नर वृंद आणि ल्यूटवादक अँथनी रूली यांचा कन्सॉर्ट ऑफ म्युझिक यांच्याशी त्यांचा संबंध आला. जेसिका कॅश यांच्याकडे त्यांनी गळ्याची साधना केली. ऑपेरागृहासाठी फार हलका ठरला असता असा त्यांचा स्वच्छ, सरळ आवाज ल्यूट आणि हार्प्सिकॉर्डच्या सोबतीला मात्र तंतोतंत बसला.

१९८० मध्ये हॉगवूड यांच्या दिग्दर्शनाखाली हँडेलच्या ‘मसाया’चे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. शतकभर शेकडो गायकांच्या समूहाने गायली गेलेली ही रचना त्यात लहान वृंदाने आणि जुन्या वाद्यांवर सादर झाली होती. कर्कबी त्यातील एक सोप्रानो होत्या. पाठोपाठ पर्सेलच्या ‘डायडो अँड इनियस’ या ऑपेरातील डायडो त्यांनी ध्वनिमुद्रित केली. हिल्डेगार्डच्या स्तोत्रांचे ‘अ फेदर ऑन द ब्रेथ ऑफ गॉड’ हे ध्वनिमुद्रण ख्रिस्तोफर पेज यांच्या गॉथिक व्हॉइसेस या वृंदासह निघाले. नुकत्याच स्थापन झालेल्या हायपिरियन या छोट्या कंपनीला त्याने अनपेक्षित यश मिळवून दिले आणि १९८३ मध्ये त्याला ग्रामोफोन पारितोषिक लाभले. शंभराहून अधिक ध्वनिमुद्रणांनंतर २००७ मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला.

या कारकिर्दीतून दोन गोष्टी निघतात. पहिली, भाषांचा अभ्यास येथे वाया जात नाही. शब्द हेच ज्या गायनाचे मूळ, त्यात लॅटिन आणि इटालियन समजून गाणारी व्यक्ती वरचढ ठरते. दुसरी, ध्वनिमुद्रणाच्या उद्योगाने तिला वर उचलले. लाँगप्ले तबकडी आणि नंतर सीडी यांच्या भरभराटीचा तो काळ होता. आजच्या तरुण गायिकेला तो आधार त्या प्रमाणात उपलब्ध नाही.

ज्युडिथ नेल्सन: बर्कलीचे घर, युरोपचा मंच

हॉगवूड यांच्या त्याच ‘मसाया’त दुसरी सोप्रानो होती ज्युडिथ नेल्सन. १९३९ मध्ये जन्मलेल्या या अमेरिकन गायिकेने मिनेसोटातील सेंट ओलाफ महाविद्यालयात शिक्षण घेतले. वृंदगायनासाठी हे महाविद्यालय विख्यात आहे. पती बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक असल्याने त्यांचे घर बर्कलीत होते. फ्रीमाँटहून बार्टची गाडी न बदलता जिथे पोहोचता येते, त्या गावातून त्यांनी जागतिक कारकीर्द चालवली. बेल्जियन गायक-दिग्दर्शक रने जेकब्स यांच्या कॉन्चेर्तो व्होकाले या समूहात त्या गात. कर्कबी यांच्यासह त्यांनी कूपराँच्या ‘लेसाँ द तेनेब्र’ या रचनेचे केलेले ध्वनिमुद्रण आजही रसिक शोधून ऐकतात. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

एका घरात दोन व्यवसाय, त्यांपैकी एक स्थिर आणि एक प्रवासी, ही रचना बे एरियातील मराठी कुटुंबांना चांगलीच परिचित आहे. घराचा हप्ता आणि आरोग्यविमा यांचा भार नियमित पगारावर टाकून दुसऱ्याने अनिश्चित क्षेत्रात पाय रोवायचे, ही तडजोड कलाक्षेत्रात आजही सर्रास दिसते. कारकिर्दींच्या कौतुकात हा भाग सहसा अनुल्लेखित राहतो, पण निर्णय घेताना तोच निर्णायक ठरतो.

पॅट्रिशिया रोझारिओ: गोव्याचा वारसा, मुंबईचा जन्म

भारतातून या क्षेत्राच्या सर्वांत जवळ पोहोचलेली मोठी गायिका म्हणजे पॅट्रिशिया रोझारिओ. त्यांचा जन्म १९६० मध्ये मुंबईत, गोव्यातून आलेल्या कॅथलिक कुटुंबात झाला. या वारशाला फार जुनी मुळे आहेत. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर चर्चला जोडून शाळा उभ्या राहिल्या. तेथे मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथल्या सत्तेचा आणि धर्मप्रसाराचा इतिहासही फ्रीमाँटच्या मिशनइतकाच कठोर होता. फरक पुढे काय झाले यात आहे. मिशन सान होजेचा वृंद १८३० च्या दशकात मिशनांचे सरकारीकरण होताच विखुरला. गोव्यात मात्र लोकांनी हे संगीत आपलेसे केले. त्यातून मांडो घडला आणि त्याच शाळांतून बाहेर पडलेल्या वादकांनी मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही नावे मराठी रसिकांना ठाऊक आहेतच.

रोझारिओ लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये शिकल्या. तेथे त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि पुढे नॅशनल ऑपेरा स्टुडिओत प्रशिक्षण घेतले. कर्कबींप्रमाणे त्या एकाच कालखंडाला वाहिलेल्या नाहीत. जॉर्ज शोल्टी, व्लादिमीर अश्केनाझी यांच्यापासून जॉन इलियट गार्डिनर यांच्यापर्यंत निरनिराळ्या संप्रदायांच्या दिग्दर्शकांबरोबर त्यांनी काम केले. ट्रेव्हर पिनक यांच्या इंग्लिश कॉन्सर्ट या जुन्या वाद्यांच्या वृंदाबरोबर त्यांनी हायडनचे ‘स्टाबाट माटर’ ध्वनिमुद्रित केले. त्याचबरोबर जॉन कॅस्केन यांच्या ‘गोलेम’ या नव्या ऑपेरातील मिरियमची भूमिकाही त्यांनी साकारली.

त्यांच्या कारकिर्दीला खरे वळण दिले ते इंग्लिश संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चच्या गायनपरंपरेने भारलेल्या टॅव्हनर यांना असा आवाज हवा होता जो दीर्घ स्वर धरू शकेल, सूक्ष्म स्वरांतरे घेऊ शकेल आणि कसलाही आव न आणता ध्यानमग्नता निर्माण करील. १९९२ मध्ये ऑल्डबरा महोत्सवात सादर झालेल्या ‘मेरी ऑफ इजिप्त’ या ऑपेरात रोझारिओ यांनी शीर्षक-भूमिका केली. त्यानंतर टॅव्हनर यांनी त्यांच्यासाठी तीसहून अधिक रचना लिहिल्या. अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिकसाठी लिहिलेली ‘इटर्निटीज सनराइज’ ही त्यांपैकी एक. बरोक वाद्ये, विल्यम ब्लेकचे शब्द आणि मुंबईत जन्मलेला आवाज असा तो योग होता. २००३ मध्ये लंडनच्या टेंपल चर्चमध्ये रात्रभर, सुमारे सात तास चाललेल्या ‘द व्हेल ऑफ द टेंपल’ या रचनेतही त्या होत्या. एस्टोनियन संगीतकार आर्व्हो पॅर्ट यांची ‘कोमो सिएर्वा सेदिएन्ता’ ही रचनाही प्रथम त्यांनीच गायली.

जुन्या संगीतासाठी घडवलेला निर्मळ स्वर नव्या संगीतालाही कसा उपयोगी पडतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. आज या क्षेत्रातील बहुतेक गायिका असेच दोन टोकांना काम करतात. सतराव्या शतकातले गातात आणि एकविसाव्या शतकातले गातात. मधले एकोणिसावे शतक ज्या आवाजांसाठी आहे, त्यांच्यासाठी सोडून देतात.

२००१ मध्ये रोझारिओ यांना ओबीई हा सन्मान मिळाला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्या अध्यापन करतात. २००९ मध्ये पती आणि पियानोवादक मार्क ट्रूप यांच्यासह त्यांनी ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ हा उपक्रम सुरू केला. भारतात आवाजाला गुण आहेत पण सातत्याने शिकवणारे शिक्षक नाहीत, ही उणीव भरून काढण्यासाठी त्या दरवर्षी भारतातील शहरांत जाऊन तरुण गायकांना शिकवू लागल्या. स्वतःला ज्या शिक्षणासाठी देश सोडावा लागला, ते पुढच्यांना काही अंशी घरी मिळावे, हा त्यामागचा हेतू स्पष्ट आहे.

बे एरियातील परिस्थिती

जुन्या संगीताच्या दृष्टीने सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर अमेरिकेतील महत्त्वाच्या केंद्रांपैकी एक आहे. १९७१ मध्ये कॅलिफोर्निया बाख सोसायटी, १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को अर्ली म्युझिक सोसायटी आणि १९८१ मध्ये हार्प्सिकॉर्डवादक लॉरेट गोल्डबर्ग यांच्या पुढाकाराने फिलहार्मोनिया बरोक ऑर्केस्ट्रा स्थापन झाला. निकोलस मॅकगेगन यांनी १९८५ ते २०२० अशी पस्तीस वर्षे या वृंदाचे नेतृत्व केले. १९८९ मध्ये अमेरिकन बाख सोलोइस्ट्स हा वृंद निघाला. १९९० पासून बर्कली येथे जुन्या संगीताचा महोत्सव भरू लागला.

१९७८ मध्ये स्थापन झालेला शांतिक्लीर हा पुरुषांचा वृंद तर एका अर्थाने मिशनांच्या परंपरेलाच जोडला जातो. त्यात सोप्रानोची ओळ पुरुषच गातात. मेक्सिको आणि कॅलिफोर्नियाच्या मिशनांमधील विस्मृत संगीत त्यांनी ध्वनिमुद्रित केले आणि प्रत्यक्ष मिशनांच्या वास्तूंतही सादर केले. मिशन सान होजेचे मूळ मातीच्या विटांचे चर्च १८६८ च्या भूकंपात कोसळले. आज दिसते ती १९८५ मध्ये पूर्ण झालेली त्याची प्रतिकृती होय.

मुलांसाठीही व्यवस्था आहे. १९७८ पासूनचा सॅन फ्रान्सिस्को गर्ल्स कोरस आणि १९८२ पासूनचा पीडमाँट ईस्ट बे चिल्ड्रन्स क्वायर येथे वृंदगायनाचा पक्का पाया घातला जातो. किशोरवयात आवाजावर जोर देऊन मोठ्या ऑपेरागीतांच्या मागे लागण्यापेक्षा वृंदात स्वरलेखन वाचणे, इतरांच्या स्वरात स्वर मिळवणे आणि भाषा शिकणे अधिक हितावह, असे जाणकार शिक्षक सांगतात. पुढील शिक्षणासाठी इंडियाना विद्यापीठातील प्राचीन संगीत विभाग, २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड येथे सुरू झालेला ऐतिहासिक वादनाचा अभ्यासक्रम, बाझेलची स्कोला कान्तोरम आणि हेगचे रॉयल कॉन्झर्व्हेटरी ही प्रमुख केंद्रे आहेत. ज्युलियार्डचा अभ्यासक्रम मुख्यतः वादकांसाठी आहे, हे गायिकांनी लक्षात घ्यावे.

अर्थकारण

प्राचीन संगीताच्या गायिकेला सहसा नोकरी नसते. ऑपेरागृहाच्या कायम वृंदात पगार आणि संघटनेचे संरक्षण मिळते. बरोक वृंद मात्र प्रत्येक कार्यक्रमासाठी स्वतंत्र करार करतात. एका कार्यक्रमाचा संच म्हणजे काही दिवसांच्या तालमी आणि तीन-चार प्रयोग. वर्षाचे कामकाज अशा तुकड्यांतून विणावे लागते. त्याला चर्चमधील मानधनाची वृंदनायिका म्हणून रविवारचे काम, खासगी शिकवण्या, महाविद्यालयातील अर्धवेळ अध्यापन आणि उन्हाळी कार्यशाळा यांची जोड द्यावी लागते. मानधन बहुधा १०९९ या अर्जावर येते, पगाराच्या डब्ल्यू-२ वर नव्हे. म्हणजे स्वयंरोजगाराचा कर, निवृत्तीची तरतूद आणि आरोग्यविमा हे सारे स्वतःच सांभाळायचे. २०२० मध्ये लागू झालेल्या कॅलिफोर्नियाच्या एबी ५ या कायद्याने स्वतंत्र कंत्राटाची व्याख्या अरुंद केली, तेव्हा छोटे वृंद धास्तावले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एबी २२५७ या दुरुस्तीने संगीतकारांच्या अनेक प्रकारच्या कामांना सूट दिली.

स्थलांतरित कुटुंबांसाठी आणखी एक पेच असतो. एच-४ व्हिसावर असलेल्या मुलीला महाविद्यालयात शिकता येते, पण मानधन घेऊन गाता येत नाही, आणि एकविसाव्या वर्षी तो दर्जाही संपतो. कलावंतांसाठीचा ओ-१ व्हिसा असाधारण गुणवत्तेच्या पुराव्यावर मिळतो. तो पुरावा जमवायला आधी कार्यक्रम करावे लागतात. म्हणून संगीताचा निर्णय आणि व्हिसाचा निर्णय येथे एकत्रच घ्यावा लागतो. अठराव्या वर्षी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी.

समारोप

तिन्ही कारकिर्दी शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट दिसते. कर्कबी शिक्षिकेच्या नोकरीतून आल्या, नेल्सन एका प्राध्यापकाच्या घरातून जगभर फिरल्या, रोझारिओ मुंबईहून लंडनला गेल्या. कोणाचीही वाट आखलेली नव्हती. तिघींनाही आपल्या आवाजाची मर्यादा लवकर कळली आणि ती मर्यादा ज्या संगीतात गुण ठरते तेथे त्या गेल्या. मुलीचा आवाज ‘लहान’ आहे असे ऐकून निराश होणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. त्याच वेळी, वर्षाचे उत्पन्न कोठून येईल या प्रश्नाला तिघींपैकी कोणाच्याही यशाने सोपे उत्तर दिलेले नाही, हेही विसरू नये.

हे संगीत ऐकण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. बर्कलीतील किंवा सॅन फ्रान्सिस्कोतील एखाद्या चर्चमध्ये, ध्वनिवर्धकाशिवाय, दहा-बारा वादकांसह गाणाऱ्या सोप्रानोसमोर मुलीला एकदा बसवावे. तो स्वर ऐकून तिला गावेसे वाटले, तर पुढची चर्चा सुरू करता येईल.